सजगता, कलानिर्मिती आणि भावनिक स्वास्थ्य : पालघर परिसरातील वारली चित्रपरंपरेच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

सजगता आणि कलानिर्मिती यांची सांगड घालून भावनिक स्वास्थ्य जोपासण्याचे प्रयोग गेल्या काही दशकांत जगाच्या अनेक भागांत झाले आहेत. प्रस्तुत लेखात या दोन संकल्पनांचे स्वरूप, त्यांच्या एकत्रीकरणामागील कार्यकारणभाव आणि उपलब्ध संशोधनाचे बळ व मर्यादा यांचा परिचय करून दिला आहे. त्याचबरोबर पालघर जिल्ह्यातील वारली चित्रपरंपरेकडे या दृष्टीने पाहून, महाविद्यालयीन स्तरावर तिचा आधार कोणत्या अटींवर घेता येईल याची मांडणी केली आहे. या उपक्रमाचा लाभ चित्र काढण्याच्या प्रक्रियेत आहे. तयार चित्राला गुण व पारितोषिके देण्याची आपली सवय ती प्रक्रियाच मोडून टाकते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सजगता, कलानिर्मिती, भावनिक स्वास्थ्य, वारली चित्रकला, लग्नचौक, महाविद्यालयीन विद्यार्थी.

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. सागरी, नागरी आणि डोंगरी असे तीनही प्रकारचे जीवन या एकाच जिल्ह्यात नांदते. २०११ च्या जनगणनेनुसार या क्षेत्रातील सुमारे ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. बोईसरला लागून असलेली तारापूर औद्योगिक वसाहत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांच्या कारखान्यांसाठी ओळखली जाते. तर १९६९ पासून कार्यरत असलेले तारापूर अणुविद्युत केंद्र हे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र होय. एका बाजूस कारखान्यांच्या पाळ्या आणि पश्चिम रेल्वेचे वेळापत्रक, तर दुसऱ्या बाजूस पावसावर अवलंबून असलेली भातशेती व मासेमारी, अशा दोन काळगणनांमध्ये येथील विद्यार्थी वावरत असतो.

या परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकजण आपल्या कुटुंबातील उच्च शिक्षण घेणारी पहिलीच पिढी आहेत. रात्रपाळी करून सकाळच्या तासाला येणारा विद्यार्थी, पाड्यावरून दोन वाहने बदलून येणारी विद्यार्थिनी, परीक्षेच्या भीतीने अर्ज न भरताच गळून जाणारी मुले हे चित्र येथील कोणत्याही प्राध्यापकाला अपरिचित नाही. त्यांच्या मनावरील ताण वर्गात क्वचितच शब्दरूप घेतो. बहुधा तो अनुपस्थिती, चिडचिड किंवा मौन यांच्या रूपाने प्रकट होतो.

बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने १२ राज्यांत केलेल्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांमध्ये सर्वेक्षणाच्या वेळी मानसिक विकाराची लक्षणे आढळली. निरनिराळ्या विकारांमध्ये उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, तरी उपचारांच्या उपलब्धतेतील ही दरी आपल्याकडेही जाणवते. समुपदेशकाची नियमित सेवा जेथे दुर्मिळ आहे, तेथे महाविद्यालयाने आपल्या आवाक्यातील कोणत्या साधनांनी विद्यार्थ्यांच्या भावनिक स्वास्थ्याला हातभार लावावा, हा प्रश्न म्हणूनच निकडीचा ठरतो. सजगता व कलानिर्मिती यांचा संयोग हे असे एक साधन आहे. त्याचा परिचय करून घेताना त्याविषयी वाजवीपेक्षा अधिक आशा बाळगणे आणि त्याची उपेक्षा करणे ही दोन्ही टोके टाळणे आवश्यक आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. सजगता आणि कलानिर्मिती या संकल्पनांचा अर्थ व पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. या दोहोंच्या संयोगाविषयी झालेल्या संशोधनाचा परामर्श घेणे.
३. वारली चित्रपरंपरेतील प्रक्रियेचा या दृष्टीने अभ्यास करणे.
४. महाविद्यालयीन उपक्रमाची रूपरेषा व त्यातील दक्षता सुचविणे.

सजगता : संकल्पना व परंपरा

‘सजगता’ हा शब्द मराठीत सावधपणा या अर्थानेही वापरला जातो. येथे तो अधिक मर्यादित अर्थाने घेतला आहे. वर्तमान क्षणी शरीरात, मनात व भोवताली जे घडत आहे त्याकडे, त्यावर चांगले-वाईट असा शिक्का न मारता, हेतुपूर्वक लक्ष देणे म्हणजे सजगता. या संकल्पनेचे मूळ पाली भाषेतील ‘सति’ या शब्दात असून त्याचे संस्कृत रूप ‘स्मृती’ असे आहे. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार आलंबनांवर सति स्थिर करण्याचा मार्ग सांगितला आहे. १८८१ मध्ये ऱ्हीस डेव्हिड्स यांनी ‘सति’साठी ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी प्रतिशब्द योजला आणि पुढे तोच रूढ झाला.

पालघर जिल्ह्याला ही परंपरा परकी नाही. प्राचीन शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा हे बौद्ध धर्माचे एक महत्त्वाचे केंद्र होते. तेथील स्तूपाचे उत्खनन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. आधुनिक काळात सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये भारतात विपश्यनेची शिबिरे सुरू केली आणि १९७६ पासून इगतपुरी येथील धम्मगिरी हे त्या कार्याचे प्रमुख केंद्र बनले. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी दीर्घकालीन वेदनांनी त्रस्त रुग्णांसाठी सजगतेवर आधारित तणाव-निवारणाचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम आरंभला. त्यातून सजगता धार्मिक चौकटीबाहेर येऊन वैद्यक व मानसशास्त्र यांच्या अभ्यासाचा विषय झाली.

कलानिर्मिती आणि उपचार

कलेचा मनाशी असलेला संबंध सर्वच संस्कृतींनी जाणला आहे. तथापि, उपचाराचे साधन म्हणून कलेचा पद्धतशीर विचार विसाव्या शतकात झाला. क्षयरोगाने आजारी असताना आरोग्यधामात चित्रे काढून स्वतःला सावरणारे ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा प्रचारात आणली. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग आणि एडिथ क्रेमर यांनी या विचाराचे दोन वेगळे प्रवाह विकसित केले. नॉमबर्ग यांच्या मते चित्र ही अबोध मनाची भाषा असून तिच्या आधारे उपचारक व रुग्ण यांच्यात संवाद घडतो. क्रेमर यांनी मात्र चित्र काढण्याच्या कृतीतच बरे करण्याचे सामर्थ्य असल्याचे प्रतिपादन केले. महाविद्यालयासाठी क्रेमर यांची भूमिका अधिक उपयुक्त आहे. कारण विद्यार्थ्याच्या चित्राचा मानसशास्त्रीय अर्थ लावण्याचे प्रशिक्षण सामान्य प्राध्यापकाकडे नसते आणि तसा प्रयत्न त्याने करूही नये.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. प्रशिक्षित उपचारकाने रुग्णासाठी केलेली योजना म्हणजे कलोपचार होय. शिक्षकाने विद्यार्थ्यांना शांतपणे चित्र काढण्यासाठी वेळ, जागा व साहित्य उपलब्ध करून देणे हा स्वास्थ्यवर्धक उपक्रम आहे. प्रस्तुत लेखाचा संबंध या दुसऱ्या प्रकाराशी आहे.

संयोगामागील कार्यकारणभाव

केवळ श्वासाकडे लक्ष देऊन बसणे नवख्याला अवघड जाते. मन काही क्षणांतच भूतकाळातील चुकांकडे किंवा भविष्यातील काळजीकडे धावते, आणि मन आवरता येत नाही म्हणून नवखा साधक स्वतःवरच रागावतो. हातात कुंचला किंवा काडी असेल, तर लक्ष टिकविण्यासाठी एक दृश्य व स्पर्शगम्य आधार मिळतो. रेषा वाकडी झाली की मन भरकटले होते हे रेषाच सांगते. पुढची रेषा काढताना लक्ष आपोआप परत येते. श्वासाच्या साधनेत ‘लक्ष गेले, परत आणले’ ही जी मूलभूत कृती आहे, तीच येथे हाताच्या द्वारे घडते.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. एकाच प्रकारची छोटी खूण शेकडो वेळा काढताना निर्णयांचा भार कमी होतो. पुढे काय काढावे हा प्रश्न उरत नाही. मात्र प्रत्येक खूण नीट काढण्यासाठी लक्ष द्यावेच लागते. आव्हान आणि कौशल्य यांचा असा समतोल साधला असता माणूस कृतीत तल्लीन होतो, हे मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले आहे. कोरा कागद देऊन ‘मनाला येईल ते काढा’ असे सांगितल्यास पुष्कळ विद्यार्थी अधिकच अवघडून जातात, हा शिक्षकांचा अनुभव या विवेचनाशी जुळतो.

तिसरी गोष्ट भावनेला मिळणाऱ्या रूपाची. मॅथ्यू लीबरमन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भावनेला शब्दांत नाव दिले असता मेंदूतील भीतीशी संबंधित असलेल्या अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया मंदावल्याचे दिसून आले. चित्रानंतर स्वेच्छेने बोलण्याची संधी ठेवण्यामागे हा आधार आहे. मात्र दुःखच चित्रात उतरवले पाहिजे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. जेनिफर ड्रेक व एलेन विनर यांच्या प्रयोगांत, दुःख चित्रातून बाहेर काढण्यापेक्षा दुःखापासून लक्ष अन्यत्र नेणारे चित्र काढल्याने मनःस्थिती अल्पकाळात अधिक सुधारल्याचे आढळले. ‘मन मोकळे करा’ हा आपला सर्वसाधारण सल्ला चित्राच्या बाबतीत सरसकट लागू पडत नाही, ही बाब प्राध्यापकांनी ध्यानात ठेवावी.

संशोधनाचे बळ आणि मर्यादा

या क्षेत्रातील चार अभ्यासांचा येथे निर्देश करणे उचित होईल. नॅन्सी करी व टिम कासर यांनी २००५ मध्ये ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. विद्यार्थ्यांमध्ये तात्पुरती चिंता निर्माण करून त्यांच्यापैकी काहींना मंडलाकृती, काहींना चौकटीची नक्षी आणि काहींना कोरा कागद रंगविण्यास दिला. रचनाबद्ध आकृती रंगविणाऱ्या दोन्ही गटांतील चिंता कोरा कागद रंगविणाऱ्यांपेक्षा अधिक घटली. फिलाडेल्फिया येथे डॅनियल मॉन्टी व सहकाऱ्यांनी कर्करोग झालेल्या १११ स्त्रियांसाठी सजगतेवर आधारित कलोपचाराचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम राबविला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, प्रतीक्षायादीतील स्त्रियांच्या तुलनेत कार्यक्रमात सहभागी झालेल्यांच्या मानसिक क्लेशाची लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी झाली. ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे कलानिर्मिती केल्यानंतर सुमारे ७५ टक्के व्यक्तींच्या लाळेतील कॉर्टिसॉल या तणावाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण घटलेले आढळले. पूर्वानुभव असणे वा नसणे याने त्यात विशेष फरक पडला नाही.

या निष्कर्षांनी हुरळून जाणे योग्य नव्हे. करी व कासर यांचा प्रयोग काही मिनिटांच्या परिणामापुरता मर्यादित होता. कैमल यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे केवळ ४५ मिनिटे निवांत बसण्याचा परिणाम किती आणि कलेचा किती, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही. चौथा अभ्यास तर अधिक सावध करणारा आहे. ब्रिटनमधील ८४ शाळांतील ८,३७६ विद्यार्थ्यांचा समावेश असलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, शिक्षकांनी वर्गात सरसकट सर्वांना दिलेल्या सजगता-प्रशिक्षणाचा नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा अधिक लाभ दिसून आला नाही. ती मुले ११ ते १४ या वयोगटातील होती, आणि बहुतेकांनी घरी सराव केला नाही. तात्पर्य असे की, वेळापत्रकात तास घातला म्हणजे स्वास्थ्य वाढते असे नाही. सहभाग ऐच्छिक असणे, कृतीत अर्थ वाटणे आणि ती कृती आपल्या जीवनाशी जोडलेली असणे या गोष्टी निर्णायक ठरत असाव्यात. येथेच स्थानिक परंपरेचा विचार प्रस्तुत ठरतो.

वारली लग्नचौक : प्रक्रियेचा अभ्यास

वारली समाजात विवाहप्रसंगी घराच्या आतील भिंतीवर लग्नचौक काढला जातो. या चौकाशिवाय लग्न लागत नाही. भिंत प्रथम शेणाने सारवून तीवर गेरूचा लेप देतात. तांदूळ भिजवून, वाटून पांढरे पीठ तयार करतात. बांबूच्या काडीचे टोक चावून किंवा ठेचून त्याचा कुंचला बनवितात. मग सवाशिणी एकत्र बसून चौक काढतात. चौकोनाच्या कडांना साखळीसारख्या नक्षीच्या पट्ट्या एकीला लागून एक अशा भरत जातात आणि मध्यभागी पालघट देवी विराजमान होते. पालघट ही सुफलतेची, झाडापेरांची देवता. विवाहविधी पार पाडणारी धवलेरी ही स्त्री पुरोहित असून तिच्या गाण्यांतून देवतांना आवाहन केले जाते.

या प्रक्रियेकडे पूर्वोक्त विवेचनाच्या प्रकाशात पाहिले असता काही गोष्टी स्पष्ट होतात. चित्राच्या आधी सिद्धता आहे. सारवणे, वाटणे, काडी ठेचणे या कामांत हात आणि मन दोन्ही हळूहळू स्थिरावतात. साधने अत्यल्प आहेत : एक रंग, एक पृष्ठभाग आणि रेषा, वर्तुळ, त्रिकोण, चौकोन यांसारखे मोजके आकार. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड तयार होते. पुनरावृत्ती भरपूर आहे. काम सामूहिक असल्यामुळे कोणा एकीच्या कौशल्याची परीक्षा होत नाही, आणि चित्राखाली कोणाची स्वाक्षरी नसते. शिवाय चित्र टिकवून ठेवण्यासाठी काढलेले नसते. पुढच्या सारवणाबरोबर ते भिंतीखाली जाते. आधुनिक कार्यक्रमांत ‘फलिताची आसक्ती सोडा’ असे जे मुद्दाम शिकवावे लागते, ते येथे रीतीतच अंतर्भूत आहे.

असे असले तरी लग्नचौकाला ‘उपचारपद्धती’ म्हणणे ही गल्लत ठरेल. सवाशिणी तणाव घालविण्यासाठी चौक काढत नाहीत. देवीला बोलावून दोन जीवांचा संसार सुफळ व्हावा यासाठी काढतात. त्यांना त्यातून जी शांती मिळत असेल ती त्या अर्थातून, त्या नात्यांतून आणि त्या गाण्यांतून येते. काडी व तांदळाचे पीठ उचलून नेले म्हणजे तो अर्थही सोबत येतो असे मानणे भाबडेपणाचे आहे. आपण या परंपरेकडून घ्यावयाची आहे ती कामाची रीत. तिची देवता व तिचा विधी हे त्या समाजाचे आहेत.

भिंतीपासून कागदापर्यंत : जिव्या सोमा म्हसे

वारली चित्रे कागदावर येण्याचा इतिहासही आपल्या विषयाशी संबंधित आहे. बिहारमध्ये १९६६–६७ च्या दुष्काळाच्या काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने भास्कर कुलकर्णी या मराठी कलावंताने मिथिलेतील स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढण्यास प्रोत्साहन दिले. याच कुलकर्णींनी १९७० च्या दशकाच्या आरंभी डहाणू परिसरातील वारली पाड्यांमध्ये काम केले. तेथे त्यांना जिव्या सोमा म्हसे यांची प्रतिभा आढळली. १९३४ मध्ये जन्मलेले म्हसे डहाणू तालुक्यातील गंजाड येथील कळंबीपाड्यावर राहत. स्त्रियांच्या विधीतील ही कला त्यांनी रोजच्या साधनेचा विषय केली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार, तर २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

म्हसे यांच्या बालपणाविषयी एक गोष्ट सर्वत्र नोंदविली गेली आहे. आईच्या मृत्यूच्या आघाताने त्यांचे बोलणे थांबले होते आणि त्या काळात ते मातीत बोटाने रेघा ओढून आपले म्हणणे सांगत. एका व्यक्तीच्या चरित्रातील घटनेवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मान्य करूनही तिच्यातील एक सत्य विचारात घेण्यासारखे आहे. त्या मुलाच्या हाती जी भाषा आली ती त्याच्या भोवतालची होती. माती आणि रेघ त्याला कोणी बाहेरून आणून दिली नव्हती. पुढील काळातील त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रे पाहिली, की संपूर्ण पृष्ठभागावर पसरलेल्या त्या बारीक, अगणित रेघांमागे लक्षाची केवढी दीर्घ साधना असेल याची कल्पना येते. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासमवेत त्यांचे प्रदर्शन भरले. मातीवर चालण्याच्या कृतीलाच कला मानणारे लाँग आणि मातीत रेघा ओढत मोठे झालेले म्हसे यांना एकत्र आणण्यामागचे औचित्य यावरून ध्यानात येईल.

स्पर्धा आणि प्रक्रिया : एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन वारली चित्रस्पर्धेसाठी परीक्षक म्हणून काम करण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखिकेवर आला. वेळ दोन तास होती. ठरावीक आकाराचा काळा कागद, पांढरा रंग आणि ‘पर्यावरण वाचवा’ असा विषय देण्यात आला होता. बहुतेक स्पर्धकांनी भ्रमणध्वनीवर पाहिलेली चित्रे झपाट्याने उतरवून काढली. डहाणूकडील एका पाड्यावरून आलेल्या विद्यार्थिनीने मात्र कागदाच्या एका कोपऱ्यापासून अतिशय संथपणे जाळीची नक्षी भरण्यास सुरुवात केली. वेळ संपली तेव्हा तिचा जेमतेम एक-तृतीयांश कागद भरला होता. गुणपत्रिकेत ‘पूर्णत्व’ या शीर्षकाखाली दहा गुण होते. तिला त्यात दोन गुण मिळाले, आणि ते प्रस्तुत लेखिकेनेच दिले.

नंतर बोलताना ती एवढेच म्हणाली, “आजी अशीच काढते. घाई केली की बाकीच्या बाया तिला थांबवतात.” त्या सभागृहात खऱ्या अर्थाने सजगतेने चित्र काढणारी ती एकटीच होती, हे तेव्हा परीक्षकाच्या लक्षात आले नाही. ज्या गोष्टीसाठी जगभरातील संशोधक आठ-आठ आठवड्यांचे कार्यक्रम आखत आहेत, ती रीत घरून घेऊन आलेल्या मुलीला आपण अपूर्णतेचे गुण दिले. याहून गंभीर बाब अशी की, आपली आजी करते ते महाविद्यालयाच्या मोजपट्टीत कमी प्रतीचे ठरते, असा संदेश तिला आपल्याकडून मिळाला. भावनिक स्वास्थ्याचा पाया आत्मसन्मान हा आहे. तोच खचविणाऱ्या उपक्रमाला ‘ताणमुक्ती’चे नाव देणे विपरीत होय.

महाविद्यालयीन उपक्रमाची रूपरेषा

उपर्युक्त विवेचनाच्या आधारे एका ऐच्छिक उपक्रमाची रूपरेषा पुढे मांडली आहे. विद्यार्थी विकास विभाग, राष्ट्रीय सेवा योजना किंवा मानसशास्त्र विभाग यांपैकी कोणीही तो हाती घेऊ शकेल. गट १२ ते १५ विद्यार्थ्यांचा असावा. आठवड्यातून एकदा, सुमारे ७५ मिनिटे, याप्रमाणे आठ बैठका घ्याव्यात.

१. सिद्धता (१५ मिनिटे) : विद्यार्थ्यांनी स्वतः कापडावर किंवा जाड कागदावर गेरूचा लेप द्यावा, तांदळाचे पीठ कालवावे, काडी ठेचावी. तयार साहित्य वाटू नये. हा वेळ उपक्रमाचाच भाग आहे.

२. स्थिरता (५ मिनिटे) : डोळे मिटण्याची सक्ती न करता, पाठ ताठ ठेवून, श्वास आणि हातांचा स्पर्श यांकडे लक्ष द्यावे. ज्यांना श्वासाकडे लक्ष देताना अस्वस्थ वाटते त्यांनी पायाखालील जमिनीचा स्पर्श किंवा बाहेरचे आवाज हे आलंबन घ्यावे.

३. रेखन (३५ मिनिटे) : पहिल्या दोन बैठकांत केवळ रेषा, ठिपके व वर्तुळे, तिसऱ्या व चौथ्या बैठकीत जाळे किंवा झाडाची पाने यांसारखी पुनरावृत्ती, त्यानंतर रोजच्या जीवनातील दृश्ये. भाताची लावणी, तारप्याभोवतीचा नाच, डहाणू लोकलमधील गर्दी, कारखान्याच्या दारातील पाळीबदल यांपैकी काहीही चालेल. बोलणे शक्यतो टाळावे. चित्र पूर्ण करण्याचे बंधन नसावे.

४. अवलोकन (५ मिनिटे) : काडी खाली ठेवून स्वतःच्या चित्राकडे केवळ पाहावे. चांगले-वाईट ठरविण्याचा विचार आला, तर तो आला एवढीच नोंद घ्यावी.

५. संवाद (१५ मिनिटे) : ज्याला इच्छा असेल त्याने बोलावे. चित्राचा अर्थ कोणी दुसऱ्याने सांगू नये. शिक्षकाने कौतुकही जपून करावे. कारण एकाच्या चित्राचे कौतुक झाले की पुढील बैठकीत बाकीचे तसेच चित्र काढू लागतात.

या उपक्रमाला गुण, श्रेयांक, प्रदर्शन व पारितोषिक यांपासून दूर ठेवावे. शक्य तेथे शिक्षकाने विद्यार्थ्यांसोबत बसून स्वतःही रेखन करावे. प्राध्यापकाची वाकडी रेषा पाहून विद्यार्थ्यांची भीती जितकी कमी होते, तितकी ती कोणत्याही व्याख्यानाने होत नाही.

आणखी एक अट अनिवार्य मानावी. या बैठकांसाठी वारली समाजातील कलावंतांना, विशेषतः घरोघरी चौक काढणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांना, मार्गदर्शक म्हणून सन्मानाने निमंत्रित करावे आणि बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याइतकेच मानधन द्यावे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला असून ती या समाजाची सामूहिक ठेव आहे. पालघट देवीचा चौक हा विधीचा भाग असल्यामुळे सरावासाठी तो काढू नये, आणि कोणत्या आकृत्या घ्याव्यात याविषयी निमंत्रित मार्गदर्शकांचा शब्द अखेरचा मानावा.

दक्षता आणि मर्यादा

पहिली मर्यादा वैद्यकीय आहे. तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार, अलीकडील आघात किंवा व्यसनाधीनता यांवर हा उपक्रम हा उपाय नव्हे. शांत बसल्यावर काहींच्या मनात दडपलेल्या आठवणी उसळून येतात; अशा विद्यार्थ्याला थांबण्याची मोकळीक असावी आणि त्याला योग्य मदतीपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था आधीच ठरलेली असावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी समुपदेशन सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक पहिल्याच बैठकीत सर्वांना द्यावा.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे आणि तिचा उच्चार क्वचित होतो. रोनाल्ड पर्सर यांनी २०१९ मधील आपल्या ग्रंथात अशी टीका केली आहे की, सजगतेच्या बाजारी रूपामुळे अन्याय्य परिस्थितीचा भार व्यक्तीच्या मनावर टाकला जातो. परिस्थिती तशीच राहते आणि माणसाने शांत व्हावे एवढीच अपेक्षा उरते. पालघरच्या संदर्भात ही टीका गांभीर्याने घ्यावी लागते. ज्या वारली समाजाच्या कलेविषयी आपण बोलत आहोत त्याने वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये उठाव केला होता. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्याची हकिकत आली आहे. त्या जागे होण्यात रागाला स्थान होते. आजही जमीन, पाणी, मासेमारी व रोजगार यांविषयीची चिंता घेऊन विद्यार्थी वर्गात येतात. त्या चिंतेचे कारण त्यांच्या विचारपद्धतीतील दोषात शोधणे अनुचित ठरेल. रात्रपाळी करणाऱ्या विद्यार्थ्याला श्वासाचा सराव शिकविण्याबरोबर त्याच्या तासिकांची वेळ बदलता येते का, हेही महाविद्यालयाने पाहिले पाहिजे. सजगतेचा अर्थ परिस्थिती स्पष्टपणे पाहणे असा घेतला, तर ती अन्यायाची जाणीव बोथट करणार नाही.

तिसरी मर्यादा शिक्षकाची आहे. हा उपक्रम चालविणाऱ्याने आधी स्वतः काही आठवडे सराव केलेला असावा. जे आपण केले नाही ते सूचनापत्रक वाचून इतरांकडून करून घेणे या विषयात तरी साधत नाही.

निष्कर्ष

१. सजगता व कलानिर्मिती यांच्या संयोगाने अल्पकालीन ताण कमी होण्यास मदत होते, असे सूचित करणारा पुरावा उपलब्ध आहे. दीर्घकालीन व सार्वत्रिक लाभाविषयीचा पुरावा अद्याप पुरेसा नाही.

२. संयोगाचा लाभ सिद्धता, पुनरावृत्ती, संथ गती, मूल्यमापनाचा अभाव आणि सोबत या घटकांवर अवलंबून असल्याचे दिसते. हे सर्व घटक वारली लग्नचौकाच्या प्रक्रियेत पूर्वापार आहेत.

३. या परंपरेचा आधार घेताना तिचा विधी व अर्थ यांचा मान राखणे, तिच्या वाहकांना मार्गदर्शकाचे स्थान व उचित मानधन देणे आवश्यक आहे.

४. स्पर्धा, गुण व प्रदर्शन यांच्या चौकटीत हा उपक्रम बसविल्यास त्याचा हेतू विफल होतो.

५. हा उपक्रम समुपदेशनाला, वैद्यकीय उपचाराला किंवा विद्यार्थ्यांच्या भौतिक अडचणी सोडविण्याच्या महाविद्यालयाच्या जबाबदारीला पर्याय ठरू शकत नाही.

पूर्वी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीच्या कागदाचा दोन-तृतीयांश भाग कोरा राहिला होता. तो भरण्यासाठी तिला आणखी कौशल्य नको होते. वेळ हवा होता, आणि तो देणे आपल्या हाती होते. पालघर परिसरातील महाविद्यालयांनी आठवड्यातून ७५ मिनिटे अशी मोकळी ठेवली, तर विद्यार्थ्यांना काही नवे शिकविण्याआधी त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी जे आहे त्याचे मोल आपणच शिकू, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नाही.